पगार पुण्याचा, पोतं अमळनेरचं

रात्री साडेआठ-नऊला अमळनेरात पुण्याची ट्रॅव्हल्स लागते, तिथे एकदा उभं राहून बघावं. डिकीत बॅगांपेक्षा पोतीच जास्त चढतात. सुतळीने शिवलेली तोंडं, वर मार्करने नाव, मोबाइल नंबर आणि उतरवायचं ठिकाण: वाकड, चिखली, मोशी, चाकण. एका पोत्यात दादर ज्वारी, दुसऱ्यात गहू. गव्हाच्या मधोमध जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली तुरीची डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, तिखटाची बरणी. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मोडतात म्हणून ते वेगळ्या चपट्या खोक्यात, आणि ते खोकं डिकीत न टाकता सीटखाली ठेवायला ड्रायव्हरला विनवण्या. क्लीनर पोतं हाताने तोलून शंभर-दीडशे रुपये सांगतो. बाप मुकाट्याने देतो. मग गाडी धुळ्याकडे निघते आणि सकाळी नाशिक फाट्याला कुणाचा तरी मुलगा डोळे चोळत ते पोतं खांद्यावर घेतो.

मी इथे अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवते. वीस-बावीस वर्षं झाली. माझे निम्म्याहून जास्त विद्यार्थी पदवी पदरात पडली की पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे जातात. गेल्या हिवाळ्यात त्याच थांब्यावर एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. पोतं चढवून हात झटकत ते म्हणाले, “मॅडम, पोर्‍या कमाडाले गया, नि पोसस आजून मीच.” पोरगा कमवायला गेला, पण पोसतो अजून बापच. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस कमी झाला म्हणावं तसं ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून गेले.

त्या दिवसापासून मी त्या पोत्याचा हिशेब मांडते आहे. मोठ्या शहरात वीस-बावीस हजारांत माणसं कशी राहतात, असं लोक आश्चर्याने विचारतात आणि उत्तर म्हणून त्यांच्या काटकसरीचं कौतुक करतात. माझं म्हणणं असं आहे की ती त्या पगारात राहतच नाहीत. पगारात जे भागत नाही ते गावाकडची घरं भरून काढतात. धान्याने, कापसाच्या पैशाने, आईच्या अंगमेहनतीने. शहराला स्वस्तात माणूस मिळतो, कारण त्याच्या पोटाचा आणि छपराचा एक वाटा अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा भरत असतात. ही रक्कम कुठल्याही वहीत लिहिली जात नाही, म्हणून पगार ठरवणाऱ्यांना ती दिसत नाही आणि भाडं ठरवणाऱ्यांनाही दिसत नाही.

थांब्यावर भेटलेल्या त्या वडिलांच्या मुलाचाच हिशेब घ्या. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. नोकरी लागली तेव्हा वर्षाचं पॅकेज २ लाख ८८ हजार ठरलं. गल्लीत ते ‘तीन लाखांचं पॅकेज’ झालं आणि पेढे वाटले गेले. मी त्याला ऑफर लेटर घेऊन घरी बोलावलं. महिन्याचे २४,०००. कंपनीने भरायचा पीएफ १,८०० त्यातच धरलेला, तो आधी वजा. राहिले २२,२००. त्याच्या वाट्याचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. हातात २०,२००. आणि पगार २१,००० च्या मर्यादेच्या थोडा वर गेल्यामुळे ईएसआयचा आरोग्य विमा लागू नाही, म्हणजे आजारपण आलं तर खिशातून.

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ म्हटलं जातं. आम्ही ज्या आकड्यावर पेढे वाटले तो सरकारच्या लेखी दुर्बलांचा आकडा आहे. तरी पेढे वाटले ते बरोबरच केलं. त्या घरात ठरल्या तारखेला येणारा तो पहिला पगार होता.

आता खर्च. वाकडला चौघांनी मिळून टू बीएचके घेतला, भाडं २८,०००. त्याचा वाटा ७,०००. लाइट, वायफाय, पाण्याचे जार, कचरा मिळून ८००. स्वयंपाकाला मावशी लावली आहे. तिचा पगार आणि भाजी, तेल, दूध, गॅस धरून त्याच्याकडे ३,५०० येतात. चहा-नाश्ता १,२००. पेट्रोल १,८००. मोबाइल ३५०. दोन महिन्यांतून एकदा गावी येतो, त्याचे महिन्याला ६०० धरले. कपडे, साबण, औषध १,०००. शिक्षणकर्जाचा हप्ता ३,५००. बेरीज १९,७५०. शिल्लक ४५०.

स्वयंपाकाच्या खर्चात गहू, ज्वारी, डाळ, तिखट, मसाला कुठेच नाही हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, ते घरून येतं ना.” चौघांपैकी तिघे आपल्याकडचे. त्यांनी पोत्यांच्या पाळ्या लावल्या आहेत: या महिन्यात अमळनेर, पुढच्या महिन्यात साक्री, मग यावल. ते धान्य वाकडच्या दुकानातून घ्यायचं म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला हजार-बाराशे तरी येतील. म्हणजे शिल्लक ४५० दिसते ती मुळात सहा-सातशेची तूट आहे आणि ती बापाच्या कोठीतून भरली जाते.

हा झाला महिन्याचा खर्च. पण शहरात शिरण्याची किंमत वेगळीच असते आणि ती पहिला पगार हातात यायच्या आधी मोजावी लागते. त्या फ्लॅटला तीन महिन्यांचं डिपॉझिट होतं, ८४,०००. एजंटाला एक महिन्याचं भाडं. एकेकाचे २१,००० आणि ७,०००, मिळून २८,०००. त्याच्या वडिलांनी ते कापूस विकून दिले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. त्या भावाने साडेतीन क्विंटल कापूस झाला. दाराशी काटा घेऊन येणारा व्यापारी हमीभाव देईलच असं नाही, तेव्हा खरं तर त्याहून जास्त गेला असणार. साडेतीन क्विंटल म्हणजे एक बाई कंबरेला ओटी बांधून आठ-नऊ दिवस वाकून वेचते तेवढा कापूस. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. कोरडवाहू एकराला चार-पाच क्विंटल आले तरी माणूस समाधान मानतो अशा भागात एका एकराचं जवळजवळ सगळं पीक एका मुलाला पुण्यात एक खाट मिळवून देण्यात गेलं. बियाणं, खत, फवारणी यांचा खर्च तर वेगळाच.

डिपॉझिट परत मिळतं, असं कुणी म्हणेल. मिळतं, पण रंगाचे पैसे कापून, साफसफाईचे कापून, आणि बहुतेक वेळा पुढच्या खोलीचं डिपॉझिट भरून झाल्यावर. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला आणि त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं असं लिहिलं. पण तो नमुना आहे. राज्याने तो आपला कायदा म्हणून करावा लागतो. आमच्या आमदार-खासदारांना निवडणुकीत पुण्याची मतं फार लागतात. ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरून मतदार आणले जातात हे इथल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. त्याच मतदारांच्या डिपॉझिटबद्दल विधानसभेत एक तरी प्रश्न विचारावा एवढं तरी त्यांच्याकडे मागता यायला हवं.

हा सगळा हिशेब मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: पोरं उधळी झालीत. मोबाइल भारी लागतो, शनिवारी हॉटेल लागतं. आमच्या वेळी आम्ही एका खोलीत सहा जण राहिलो. या प्रतिक्रियेचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. बचतीचा सल्ला देणारे पन्नास-तीस-वीसचं सूत्र सांगतात: निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. या मुलाच्या पगाराचा निम्मा म्हणजे १०,१००. खोली आणि दोन वेळचं जेवण यातच ११,३०० जातात, तेही धान्य घरचं असताना. त्याने चहा-नाश्ता पूर्ण सोडला तर १,२०० वाचतील. उपाशीपोटी कामावर जाऊन वाचवलेले हे बाराशे रुपये भाड्याच्या पुढच्या वाढीत जाणार. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं वाढतं आणि पगार वाढतोच असं नाही. काटकसर आमच्या लोकांना शिकवायची गरज नाही. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, शेवया करून वर्षभराचं डब्यात भरून ठेवणाऱ्या बायांच्या घरातली ही मुलं आहेत. ज्या रकमेवर त्यांचा काहीच ताबा नाही तीच रक्कम सगळ्यात मोठी आहे, आणि ती आहे भाड्याची.

मग भाडं पगारात कुठे धरलं जातं, हे मी शोधलं. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले: कुटुंबाच्या तीन उपभोग एककांचं (म्हणजे तीन प्रौढ माणसांइतकं) अन्न, वर्षाचं कापड, घरभाडं, इंधन आणि किरकोळ खर्च. सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९९१ मध्ये मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरा असं सांगितलं. ही परंपरा चांगली आहे. माणूस म्हणून जगायला काय लागतं याची यादी करून मग वेतन ठरवा, असं ती सांगते. आता वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा २०२० सालचा मसुदा पाहा. एका उपभोग एककाला रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ६६ मीटर कापड, आणि घरभाडं? अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या १० टक्के.

दहा टक्के. समजा, चौघांच्या कुटुंबाचा अन्न-कापडाचा खर्च महिन्याला १२,००० धरला, तर घरभाडं निघतं १,२०० रुपये. बाराशे रुपयांत आज अमळनेरातही कुटुंबाला खोली मिळत नाही. वाकडला बाराशेत गाडी लावायला जागा मिळाली तरी नशीब. हा मसुदा लिहिणाऱ्या सरकारला भाडं माहीत नाही असं मात्र नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो आणि अमळनेरसारख्या गावात १० टक्के. पुण्यात राहायला गावापेक्षा तिप्पट लागतात हे सरकारने आपल्या माणसासाठी मान्य केलं आहे. मला स्वतःला घरभाडे भत्ता मिळतो, माझं घर इथे वडिलार्जित असूनही. मग माझ्याच वर्गातून गेलेला, चाकणला कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला मुलगा जेवणाच्या एक दशांशात घर शोधेल हे कोणत्या हिशेबाने?

राज्यात किमान वेतनाची परिमंडळं आहेत आणि शहरी परिमंडळात थोडं जास्त वेतन असतं. पण भाड्यातल्या फरकापुढे तो फरक किरकोळ आहे. माझी पहिली मागणी इथेच आहे. किमान वेतनात घरभाडं टक्केवारीने काढायचं थांबवा. त्या त्या औद्योगिक पट्ट्यात एका खोलीचं प्रत्यक्ष भाडं काय आहे ते दरवर्षी मोजा आणि तेच धरा. महागाई निर्देशांकासाठी कांद्या-बटाट्याचे भाव गोळा करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. चाकण, हिंजवडी, रांजणगावच्या खोल्यांची भाडी गोळा करणं तिला अवघड नाही.

वेतन एवढं वाढवलं तर कारखाने निघून जातील, असं यावर म्हणतात. ही भीती खोटी नाही. आमचं गाव गिरणी बंद पडल्यावर काय होतं ते भोगून बसलं आहे. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल: एकेकाळी या जिल्ह्यांत माणसं कामाला येत होती. १९४५ साली विप्रो इथेच, अमळनेरात, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि आज आमची मुलं हिंजवडीला त्याच नावाची पाटी बघत बसमधून जातात. तेव्हा कारखाना टिकायला हवा हे मला कुणी सांगायला नको. पण पगार वाढवणं जड जात असेल तर भाडं खाली आणा. दोन्हींपैकी एक करावंच लागेल. सध्या दोन्ही न करता फरक कापसातून वसूल होतो.

भाडं खाली आणणं अशक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईकडे पाहावं. १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्या खोल्या लहान होत्या, संडास सामायिक होते, आणि त्या परकीय सरकारला कामगारांबद्दल प्रेम होतं असंही नाही. पण गिरण्या चालवायच्या तर माणूस कुठेतरी झोपला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपापल्या गावकीच्या खोल्या ठेवल्या होत्या. नवा पोरगा आला की त्याची वळकटी तिथे पडायची. खाणावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत, आणि त्याच बायकांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कमी पगाराच्या माणसाला शहरात टिकवायला एक अख्खी व्यवस्था होती, काही सरकारी, काही लोकांनी केलेली. पुण्याभोवतीचे कारखाने आणि कंपन्या वाढल्या तेव्हा अशी व्यवस्था कुणी केलीच नाही. एमआयडीसीने कारखान्यांना भूखंड दिले, रस्ते दिले, पाणी दिलं. माणसं झोपणार कुठे हा प्रश्न भोवतालच्या गावांतल्या पत्र्याच्या खोल्यांवर सोडून दिला.

घरमालकाला खलनायक करून मला हा लेख लिहायचा नाही. वाकडच्या त्या फ्लॅटचा मालकही कर्ज काढून बसलेला नोकरदार आहे आणि त्याचा हप्ता भाड्यापेक्षा मोठा आहे. दोष याचा आहे की आपल्याकडे घर म्हणजे विकायचं घर एवढंच बांधलं जातं. बिल्डर विकतो, म्हाडा सोडतीने विकते, आवास योजनेचा बहुतेक भर मालकीच्या घरावर. भाड्यानेच द्यायची, लहान, साधी, टिकाऊ खोली कुणी बांधत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरं रिकामी आढळली होती. घरं बंद आहेत आणि माणसं एका खोलीत चार खाटा टाकून राहतात.

२०२० मध्ये, टाळेबंदीत माणसं रस्त्याने चालत गावी गेली तेव्हा, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली. २०२४ च्या आवास योजनेत भाड्याच्या घरांचा वेगळा भाग ठेवला, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कारखान्यांच्या कामगारांसाठी वसतिगृहासारख्या निवासाची घोषणा झाली. कागद तयार आहेत. करून दाखवलं ते तामिळनाडूने. श्रीपेरुम्बुदूरजवळ वल्लम वडगाल इथे तिथल्या औद्योगिक महामंडळाने, सिपकॉटने, १८,७२० कामगार स्त्रिया राहतील एवढं वसतिगृह बांधलं आणि ते २०२४ मध्ये सुरू झालं. आपली एमआयडीसी सिपकॉटपेक्षा गरीब नाही आणि चाकणचे कारखाने श्रीपेरुम्बुदूरपेक्षा लहान नाहीत. चाकण-तळेगाव पट्ट्यात दहा हजार खाटांचं एक वसतिगृह उभं राहिलं तर आजूबाजूच्या खोल्यांची भाडीही ताळ्यावर येतील. नवा भूखंड देताना कारखान्याने आपल्या कामगारांच्या काही हिश्श्याच्या निवासाची सोय केलीच पाहिजे, अशी अट घालायला कुणाची हरकत असावी?

गावाकडून जातं ते धान्य आणि पैसा एवढंच नाही. माझी भाची आणि तिचे यजमान मोशीला राहतात. त्याचा पगार बावीस हजार, तिचा सोळा. मूल झालं. पाळणाघराला विचारलं तर दिवसभराचे सहा हजार, सहाच्या पुढे ठेवलं तर जास्त. तिने नोकरी सोडावी का, यावर महिनाभर रडारड झाली. शेवटी माझी बहीण, आक्का, पुण्याला गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, आता दीड वर्ष झालं. दाजी इथे एकटे. सकाळी स्वतः भाकऱ्या थापतात, संध्याकाळी शेजारी वरण देतात. आक्का कधी सणाला येते ती एसटीने, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि परत जाताना तिच्याबरोबर पोतं असतंच. लाडकी बहीणचे पंधराशे तिच्या खात्यात पडतात, ते बाळाच्या दुधाला जातात. तिच्या या दीड वर्षाची किंमत महिना सहा हजारांनी धरली तरी लाखाच्या वर जाते. खर्च म्हणून धरणं लांबच, आम्ही घरातली माणसंही तिला ‘नातवात रमली’ म्हणतो. ती रमलीही आहे. पण रात्री फोनवर ती आधी विचारते ते दाजी जेवले का, आणि मग घटकाभर गप्प बसते.

जाऊच नका पुण्याला, असंही सांगणारे आहेत. मागच्या पिढीला सुरत होती. उधना, लिंबायत भागात अख्खी गावं जाऊन राहिली, कारण सुरतेची गाडी दारातून जाते आणि लूमवर काम मिळत होतं. आज जळगावला पाइप आहेत, चटई आहे, डाळमिल आहेत, पण बी. कॉम. झालेल्या मुलीला इथल्या दुकानात हिशेबाचे आठ-नऊ हजार मिळतात. त्यात लग्नाचं वय झालेला मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे असं कुणी मानत नाही. इथे काम यायला हवंच, त्यासाठी भांडायलाही हवं, पण ते येईपर्यंत मुलांना अडवून ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. ती जाणार, आणि जावंच.

सरकारने काय करावं ते लिहिलं, तसं आपल्या माणसांनी काय करावं तेही लिहिते. पिंपरी-चिंचवडला श्रावणात आपल्या खान्देशच्या कानबाई देवीचा उत्सव आता मोठ्या थाटाने होतो, मिरवणुका निघतात, रोटाच्या प्रसादाला हजारो माणसं येतात. मला त्याचा अभिमान आहे. त्या मंडळांकडे एक विनंती आहे. वर्गणीतला एक भाग बाजूला ठेवून डिपॉझिटचा निधी करा. नव्याने येणाऱ्या मुला-मुलीला वीस हजार बिनव्याजी द्या, वर्षभरात हप्त्याने परत घ्या, तेच पुढच्याला द्या. गावकीच्या खोलीचं काम आज या निधीने होईल. जातीच्या वसतिगृहांनाही सांगायचं आहे की शिकणाऱ्याला जागा देता तशी नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांसाठीही द्या. स्वाधार, स्वयम् यांसारख्या सरकारी योजनांचा आधारही विद्यार्थी असेपर्यंतच असतो; ज्या दिवशी मूल कमवायला निघतं त्याच दिवशी तो संपतो, आणि आधार सगळ्यात जास्त लागतो तो त्याच दिवशी.

हे इतक्या कळकळीने लिहिण्याचं कारण ज्यांची पोती जातात ते नाहीत. कारण वेगळं आहे. पोतं भरायला शेत लागतं. डिपॉझिटला कापूस लागतो, नाहीतर गहाण ठेवायला चार ग्रॅम सोनं तरी. ज्याच्या घरी यातलं काहीच नाही त्याच्यासाठी पुण्याचा तो पगार पगारच राहत नाही, कारण तो घ्यायला तिथपर्यंत पोचताच येत नाही. पावरा, भिल्ल वस्त्यांतून चोपड्याला, अमळनेरला शिकायला आलेली मुलं, शेतमजुरांची मुलं पदवी घेतात, मुलाखतीत पास होतात आणि खोलीच्या दाराशी अडतात. गाव पोसतं म्हणून शहर कमी पगार देऊ शकतं, आणि कमी पगार देतं म्हणून ज्याला पोसणारं कुणी नाही तो बाहेर राहतो. गुणवत्ता, मेहनत यांच्या गप्पा आपण मारतो. प्रत्यक्षात दोन मुलांमधली निवड त्यांच्या घरच्या कोठीत किती धान्य आहे त्यावर होते.

तीन वर्षांपूर्वी बारावीला माझ्या विषयात ९१ गुण घेतलेली एक मुलगी होती. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते, वडील नाहीत. या जूनमध्ये तिला पिंपरीतल्या एका ऑफिसातून लेखा सहायक म्हणून बोलावणं आलं, महिन्याला अठरा हजार. मुलींच्या वसतिगृहात कॉट बेसिसवर जागा बघितली: महिन्याचे साडेसहा, डिपॉझिट तेरा हजार, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. पगार महिना भरल्यावर होणार. तिने मला संध्याकाळी फोन करून विचारलं, “मॅडम, डिपॉझिट हप्त्याने घेतात का हो कुठे?” मी दोन दिवस फोन करत राहिले, ओळखीच्यांना, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना. एका ठिकाणी निम्मं चालेल म्हणाले, पण तिथून ऑफिस दोन बसवर होतं आणि सुटायची वेळ रात्री साडेनऊ. मी माझे पैसे देऊ केले. तिच्या आईने ते घेतले नाहीत. उसने घेतलेले परत कसे करायचे याची तिला भीती वाटली आणि माझ्यासमोर ती ते नीट बोलूही शकली नाही. ऑफिसने आठ दिवस थांबून दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

मुलगी आता इथल्याच एका कापडाच्या दुकानात जीएसटीच्या नोंदी करते, साडेआठ हजारांवर. परवा साडीला फॉल लावायला द्यायला गेले तर गल्ल्यामागे बसली होती. मला बघून उठली, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. हळूच म्हणाली, “मॅडम, पुढच्या वेळी आधीच सांगा कुठे जागा निघाली तर. मी तेरातले चार जमवलेत.”